डिकॅलखालची रुपेरी झाक: ती का येते, कशी ओळखावी आणि कशी घालवावी

लढाऊ विमानाच्या मॉडेलवर कॅमोफ्लाजचे रंग मनासारखे बसलेले असतात, डिकॅल (पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायची, पारदर्शक फिल्मवर छापलेली चिन्हे व अक्षरे) लावताना ती पृष्ठभागाला चिकटून बसल्यासारखी दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी मॉडेल उजेडात तिरपे धरले की प्रत्येक चिन्हाभोवती आणि अक्षरांच्या मधल्या जागेत एक धुरकट, रुपेरी चमक उठून दिसते. मॉडेल बांधणारे याला सिल्व्हरिंग म्हणतात. नवशिक्यांना तर ते छळतेच, पण वर्षानुवर्षे मॉडेल बांधणाऱ्यांच्या कामातही एखाद्या पंखावर ते अचानक येते, आणि तेव्हा दोष डिकॅलच्या जुनेपणाला, त्याच्या गोंदाला किंवा छपाई करणाऱ्या कंपनीला दिला जातो. या गोष्टींचा थोडाफार हात असू शकतो; परंतु झाक दिसते ती एकाच कारणाने, ते म्हणजे डिकॅलची पारदर्शक फिल्म आणि खालचा रंग यांच्यामध्ये अडकलेली हवा. पुढे सांगितलेला प्रत्येक उपाय त्या हवेला जागा न देण्याचा किंवा अडकलेली हवा बाहेर काढून तिथे दुसरे काही भरण्याचा उपाय आहे, आणि हे एकदा ध्यानात घेतले की कोणता उपाय कुठे लागू पडेल आणि कुठे वाया जाईल हे स्वतःलाच ठरवता येते.

हवेमुळे चमक का येते हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निदान त्यावर उभे आहे. डिकॅलची फिल्म, ॲक्रिलिक रंग आणि वार्निश या सर्वांचा अपवर्तनांक (माध्यम प्रकाशाला किती वळवते याचे माप) साधारण १.५ च्या आसपास असतो, तर हवेचा १ असतो. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दोन्हींच्या अपवर्तनांकांत जितका फरक अधिक, तितका त्याचा अधिक भाग सीमेवरूनच परत फिरतो. फिल्म आणि हवा यांच्या सीमेवर, आणि पुन्हा हवा आणि रंग यांच्या सीमेवर, समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा प्रत्येकी सुमारे ४ टक्के भाग परावर्तित होतो, आणि मॉडेल तिरपे धरले की हे प्रमाण आणखी वाढते. हा परत आलेला प्रकाश खालच्या रंगापर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणून त्याला रंग नसतो आणि तो डोळ्याला रुपेरी दिसतो. फिल्म आणि रंग यांच्यामध्ये हवेऐवजी वार्निश किंवा गोंद असेल, तर दोन्ही बाजूंचे अपवर्तनांक जवळपास सारखे होतात, परावर्तन नाहीसे होते आणि फिल्मही डोळ्यांपुढून नाहीशी होते. कागदावर तेलाचा थेंब पडला की तेवढा भाग पारदर्शक होतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

याच हिशेबातून एका नेहमीच्या तक्रारीचे उत्तर मिळते. डिकॅल लावताना सर्व काही ठीक होते आणि झाक रात्रीतून आली, असे अनेकजण सांगतात. वास्तविक फिल्मखालच्या पोकळ्या आधीपासूनच असतात, फक्त त्या पाण्याने भरलेल्या असतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, आणि फिल्म व पाणी यांच्या सीमेवर परत फिरणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. पाणी वाळून गेले की त्याची जागा हवा घेते आणि झाक प्रकट होते. म्हणून ओले डिकॅल पाहून समाधान मानू नये. ते पूर्ण वाळल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, आणि त्यावर अंतिम वार्निशही मारू नये.

आता पोकळ्या येतात कुठून? दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक लढाऊ विमाने शत्रूच्या नजरेस येऊ नयेत म्हणून मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगात रंगवलेली होती, आणि मॉडेलचे रंगही त्यामुळे मॅट असतात. रंग मॅट दिसतो कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो; रंगात मिसळलेले सिलिकासारखे बारीक कण वाळल्यावर वर डोकावतात आणि प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. डिकॅलची फिल्म या उंचवट्यांच्या टोकांवर टेकते आणि मधल्या खळग्यांत हवा राहते. म्हणजे ज्या गुणामुळे मॉडेल खऱ्या विमानासारखे दिसते, तोच गुण डिकॅलसाठी सर्वांत वाईट आहे. यातून मार्ग एकच: डिकॅल लावण्यापूर्वी पृष्ठभाग तकतकीत करावा, आणि मॉडेल पुन्हा मॅट करण्याचे काम डिकॅल लावून झाल्यावर करावे.

गडद रंगावर ही झाक अधिक खुपते, हेही याच आकड्यांवरून समजते. मॅट काळ्या रंगातून परत येणारा एकूण प्रकाशच जेमतेम काही टक्के असतो. त्यात हवेच्या थराने आणखी काही टक्के घातले, तर फिल्मचा भाग आजूबाजूच्या रंगाच्या दुपटीने उजळ दिसू शकतो. फिक्या राखाडी किंवा पांढऱ्या रंगावर तितकीच हवा असली तरी ती लक्षात येत नाही. म्हणून रात्री बॉम्बफेक करणाऱ्या लँकेस्टर या ब्रिटिश विमानाच्या काळ्या बाजूंवरची लाल अक्षरे अवघड जातात, आणि आकाशी निळ्या रंगाच्या खालच्या बाजूवर तीच पद्धत निभावून जाते. युद्धाच्या उत्तरार्धातील जर्मन विमानांवर नुसत्या पांढऱ्या बाह्यरेषांचे क्रॉस असत. मधला सगळा भाग मोकळा, म्हणजे डिकॅलवर तेथे फक्त पारदर्शक फिल्म, आणि तिच्याखाली गडद राखाडी किंवा हिरवा रंग. झाक येण्यासाठी याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही. याउलट ब्रिटिश विमानांच्या पंखांवरची लाल-निळी वर्तुळे भरीव असतात, त्यामुळे त्यांच्याखाली हवा असली तरी ती शाईआड झाकली जाते आणि फक्त कडेची बारीक रेघ दिसते.

आधी खात्री करावी

उपाय सुरू करण्यापूर्वी दिसणारा दोष खरोखर हवेचाच आहे ना, हे पाहावे, कारण त्यासारखे दिसणारे तीन-चार दोष आहेत आणि त्यांचे उपाय अगदी निराळे आहेत. स्वच्छ पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश दोषाच्या जागेवरून फिरवावा. धुरकटपणा ओला असेपर्यंत पूर्ण नाहीसा झाला आणि वाळल्यावर परतला, तर दोष फिल्मच्या वर आहे. वाळलेला गोंद, कठीण पाण्याचे क्षार, सॉफ्टनरचा (फिल्म मऊ करणाऱ्या द्रावणाचा) डाग किंवा दमट हवेत मारलेल्या मॅट वार्निशवर आलेला पांढुरकेपणा यांपैकी काहीतरी ते असते. गोंद आणि क्षार कोमट पाण्याने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने हलके पुसले की निघतात, आणि वार्निशचा पांढुरकेपणा त्यावर ग्लॉस, म्हणजे तकतकीत, वार्निशचा पातळ थर दिल्याने बहुतेक वेळा जातो. ब्रश फिरवूनही रुपेरी भाग जसाच्या तसा राहिला, तर हवा फिल्मच्या खाली आहे, कारण वरून लावलेले पाणी तिथवर पोचलेच नाही.

फिल्म पिवळी पडली असेल तर ती कोणत्याही कोनातून पिवळीच दिसते आणि पांढऱ्या भागावर अधिक कळते. झाक मात्र कोन बदलला की कमी-अधिक होते. फिल्मच्या कडेची पायरी दिसणे हा आणखी वेगळा प्रश्न आहे. फिल्मची जाडी ०.०२ मिलिमीटर धरली तरी १/७२ प्रमाणात (खऱ्या विमानापेक्षा ७२ पट लहान मॉडेलवर) ती खऱ्या विमानावरच्या सुमारे दीड मिलिमीटर जाड पत्र्याइतकी होते, आणि एवढी पायरी ग्लॉस वार्निशच्या दोन-तीन थरांनी व हलक्या घासणीनेच बुजते. तेथे सॉफ्टनर ओतून काही साधत नाही. उघड्या धातूसारख्या चंदेरी रंगावर फिल्मचा चौकोन दिसतो तेव्हाही अनेकदा हवा नसते; फिल्मची चमक धातूच्या चमकेपेक्षा वेगळी असते एवढेच, आणि तिथे फिल्म कापून काढणे हाच खरा उपाय आहे.

पृष्ठभागाची तयारी

झाक टाळण्याचे बहुतेक काम डिकॅल पाण्यात बुडवण्यापूर्वीच झालेले असते, असे माझे ठाम मत आहे. बाटल्यांतील द्रावणांवर जितकी चर्चा होते, त्याच्या निम्मी जरी पृष्ठभागावर झाली तरी ही तक्रार बरीच कमी होईल.

ग्लॉस वार्निश कोणते वापरावे याचे उत्तर आपण कोणते रंग वापरतो आणि कोणते थिनर हाताशी आहे यावर अवलंबून आहे. तामियाचे एक्स-२२ ॲक्रिलिक वार्निश लॅकर प्रकारच्या, हळू उडणाऱ्या थिनरमध्ये पातळ केले तर फार छान पसरते. मिस्टर कलरचे जीएक्स-१०० हे लॅकर वार्निश कठीण आणि तकतकीत होते, परंतु त्यातील द्रावक तीव्र असल्याने ते इनॅमल रंगांवर जाड थरात मारणे धोक्याचे आहे. जमिनीला चमक देण्यासाठी बनवलेले ‘फ्यूचर’ नावाचे ॲक्रिलिक द्रव मॉडेल बांधणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ लोकप्रिय होते, कारण ते स्वतःहून सपाट होत असे. वार्निशचे नाव दुय्यम आहे. वाळल्यावर पृष्ठभाग सपाट झाला की नाही, हे पाहणे मुख्य आहे.

आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. ‘ग्लॉस मारले होते, तरीही झाक आली’ या तक्रारीत ग्लॉस मारलेले असते हे खरे, परंतु खालचा रंगच खरखरीत असतो. एअरब्रश (रंग हवेच्या दाबाने फवारणारे साधन) फार लांब धरला, हवेचा दाब जास्त ठेवला किंवा थिनर फार लवकर उडणारे असले, तर रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचण्यापूर्वीच अर्धवट वाळतात आणि वाळूसारखे बसतात. त्यावर वार्निशचा पातळ थर दिला तर तो त्या खरखरीत पृष्ठभागाचाच आकार घेतो. चमक येते, सपाटपणा येत नाही. कॅमोफ्लाजच्या दोन रंगांच्या सीमेवर, पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यात आणि शेपटीच्या मुळाशी हा खरखरीतपणा हमखास असतो, कारण तिथे फवारा भोवऱ्यासारखा फिरतो. एखाद्याच डिकॅलच्या अर्ध्या भागावर झाक येते आणि उरलेला अर्धा स्वच्छ राहतो, त्याचे कारण बहुतेक वेळा इथे सापडते.

तपासणी सोपी आहे. दिव्याचे प्रतिबिंब पंखावर पडेल असे मॉडेल धरावे आणि प्रतिबिंबाची कड पाहावी. कड स्पष्ट असेल तर पृष्ठभाग तयार आहे. कड विस्कटलेली किंवा दाणेदार दिसत असेल तर नाही. दाणेदार जागी ३००० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर पाण्यासह अगदी हलक्या हाताने फिरवावा, धूळ धुऊन टाकावी आणि पुन्हा ग्लॉसचा थर द्यावा. उठावदार रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी) आणि धारदार कडा यांपासून पेपर दूर ठेवावा, तिथे रंग क्षणात निघतो. वार्निशचे दोन पातळ थर आणि त्यावर एक ओलसर थर, हा क्रम बहुतेक मॉडेलना पुरतो. १/७२ च्या नाजूक पॅनेल लाइन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा) जाड वार्निशने बुजतात, म्हणून या प्रमाणात वार्निशचे थर वाढवण्यापेक्षा खालचा रंगच गुळगुळीत बसवण्याकडे लक्ष द्यावे.

मॉडेल सर्वत्र तकतकीत करणे नको वाटत असेल, तर फक्त डिकॅलच्या जागेभोवती ग्लॉस मारता येते, परंतु त्याची सीमा डिकॅलच्या कडेपासून बरीच बाहेर ठेवावी आणि शेवटचे मॅट वार्निश मात्र संपूर्ण मॉडेलवर मारावे, नाही तर तकतकीत ठिपके शेवटपर्यंत दिसत राहतात. सर्वत्र ग्लॉस मारण्याचा आणखी एक लाभ असा की पॅनेल लाइनमध्ये सोडलेला गडद वॉश (अतिशय पातळ रंग) पृष्ठभागावर न पसरता रेषेतच वाहतो.

वार्निश किती वाळू द्यावे यात घाई नको. ॲक्रिलिकला किमान एक पूर्ण दिवस आणि इनॅमलला दोन दिवस किंवा त्याहून अधिक द्यावेत. वास येत असेल तोवर ते वाळलेले नाही असे धरावे. अर्धवट वाळलेल्या थरावर सॉफ्टनर पडले तर तो थर मऊ होऊन सुरकुततो, आणि मग झाकेपेक्षा मोठे संकट उभे राहते.

डिकॅल लावताना

पाणी कोमट आणि स्वच्छ घ्यावे. डिकॅल दहा ते वीस सेकंद बुडवून बाहेर काढावे आणि कागदी रुमालावर ठेवून ते आपोआप सुटू द्यावे. ते पाण्यात तरंगत सुटेपर्यंत ठेवण्याची सवय हानिकारक आहे, कारण त्यात गोंद धुऊन जातो. डिकॅलचा गोंद चिकटवण्याचे काम तर करतोच, शिवाय तो बारीक खळग्यांत भरून राहतो आणि वाळल्यावर हवेची जागा अडवून ठेवतो. जुन्या शीटवरील गोंद तपकिरी झालेला असेल तर तो धुऊन टाकणे भाग पडते. अशा वेळी गोंद असलेला सेटर, उदाहरणार्थ मिस्टर मार्क सेटर, खाली लावावा.

सेटर आणि सॉफ्टनर यांची कामे वेगळी आहेत, आणि त्यांची अदलाबदल हेही झाकेचे एक नेहमीचे कारण आहे. सेटर डिकॅल ठेवण्यापूर्वी पृष्ठभागावर लावायचा असतो. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे द्रव खळग्यांत शिरतो, हवा बाहेर ढकलली जाते आणि फिल्म खाली ओढली जाते. मायक्रोस्केलच्या निळ्या लेबलच्या मायक्रो सेटला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यात सौम्य ॲसेटिक आम्ल असते. सॉफ्टनर मात्र डिकॅल जागेवर बसल्यानंतर वरून लावायचा असतो. लाल लेबलचे मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर फिल्म मऊ करते आणि ती पॅनेल लाइन व रिव्हेट यांच्यात उतरते. सॉल्व्हासेट त्याहून तीव्र आहे आणि जाड फिल्मसाठी उपयोगी पडते, परंतु पातळ फिल्म त्यात विरघळण्याची भीती असते. म्हणून कोणतेही द्रावण नव्या शीटवर वापरण्यापूर्वी कंपनीच्या नावाचा तुकडा किंवा न वापरायचे एखादे चिन्ह घेऊन त्यावर चाचणी करावी. खरखरीत पृष्ठभागाची उणीव सॉफ्टनर भरून काढील ही अपेक्षा मात्र ठेवू नये. फिल्म उंचवट्यांवर थोडी खचते, पण खळग्यांच्या तळापर्यंत ती क्वचितच पोचते.

डिकॅल जागेवर आणल्यावर मधून कडेकडे, ओलसर कापसाची काडी लोळवत पाणी बाहेर काढावे. काडी घासू नये, लोळवावी; घासल्याने डिकॅल सरकते आणि बारीक अक्षरे फाटतात. त्यानंतर वरून सॉफ्टनर लावावा आणि मग हात लावू नये. फिल्मवर सुरकुत्या येतात, ते पाहून मन घाबरते, परंतु बहुतेक वेळा त्या वाळताना आपोआप सपाट होतात. याच क्षणी बोट लावल्यामुळे डिकॅल फाटल्याच्या तक्रारी असंख्य आहेत.

अतिरिक्त फिल्म आधीच कापून टाकली तर झाकेला जागाच कमी राहते, आणि मोठ्या अक्षरांच्या मधली फिल्म नवीन पात्याने काचेवर ठेवून कापणे फायद्याचे ठरते. तरीही सरसकट कापण्याचा सल्ला मी देणार नाही. सिल्क-स्क्रीनने छापलेल्या फिल्मची मूळ कड उताराची असते आणि पात्याने कापलेली कड उभी असते. बारीक सूचनांच्या डिकॅलवर ही उभी कड झाकेइतकीच दिसू लागते. ज्या शीटवर संपूर्ण कागदभर एकच सलग फिल्म असते, तिथे मात्र प्रत्येक चिन्ह कापून घेण्याशिवाय गत्यंतर नाही. एदुआर्द कंपनीच्या अलीकडच्या अनेक डिकॅलची पारदर्शक फिल्म डिकॅल वाळल्यानंतर चिमट्याने सोलून काढता येते आणि मागे फक्त शाई उरते. हे नीट जमले तर झाक आणि कडेची पायरी दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

झाक आल्यानंतर

मॅट वार्निश अजून मारलेले नसेल तर सुधारणेला चांगला वाव आहे. अगदी बारीक सुई किंवा नव्या पात्याचे टोक घेऊन रुपेरी भागात जवळजवळ अनेक छिद्रे करावीत. टोचताना रंगापर्यंत खोल जाऊ नये, फिल्म तेवढी भेदली गेली पाहिजे. मग त्यावर सॉफ्टनरचा थेंब ठेवावा. केशाकर्षणाने तो छिद्रांतून आत ओढला जातो, हवा बाहेर पडते आणि मऊ झालेली फिल्म खाली बसते. ओल्या अवस्थेत कापसाच्या काडीने फिल्म दाबण्याचा मोह आवरावा. पूर्ण वाळल्यावर पाहावे आणि उरलेल्या ठिकाणी तेच पुन्हा करावे. एका वेळेत सगळी झाक जाईल अशी आशा धरू नये. प्रत्येक फेरीत ती थोडी आकसत जाते, आणि दोन फेऱ्यांत काहीच फरक पडला नाही तर तिसऱ्या फेरीनेही पडणार नाही.

अशा वेळी सॉफ्टनर बाजूला ठेवून ग्लॉस वार्निश वापरावे. पाण्यासारखे पातळ ॲक्रिलिक वार्निश छिद्रांवर आणि फिल्मच्या कडेला ब्रशने सोडले की ते आत शिरते आणि वाळल्यावर तिथेच राहते. सॉफ्टनर उडून जाते आणि फिल्म खाली बसली नाही तर पोकळी पुन्हा हवेने भरते. वार्निश मात्र पोकळीच भरून टाकते आणि त्याचा अपवर्तनांक फिल्मच्या जवळचा असल्यामुळे चमक नाहीशी होते. खडबडीत रंगावर आलेल्या पसरट झाकेसाठी हा उपाय सॉफ्टनरपेक्षा कितीतरी खात्रीचा आहे. याच तत्त्वावर काहीजण डिकॅल लावतानाच सेटरऐवजी ओल्या ॲक्रिलिक वार्निशच्या थेंबावर ते बसवतात. मॅट मॉडेलवर एखादेच चिन्ह नंतर लावायचे असेल तर ही पद्धत उत्तम आहे, मात्र वार्निश लवकर आवळते आणि डिकॅल सरकवायला फार थोडा वेळ मिळतो.

मॅट वार्निश मारून झाल्यावर झाक लक्षात आली असेल तर काम कठीण होते, कारण वरच्या थरातून द्रावण आत शिरत नाही. छिद्रे करून प्रयत्न करता येतो, परंतु वार्निशच्या प्रकारानुसार सॉफ्टनरने पांढरे डाग पडू शकतात. आधी विमानाच्या पोटावर, न दिसणाऱ्या जागी पाहून घ्यावे. याहून सोपा मार्ग म्हणजे रुपेरी दिसणाऱ्या पारदर्शक भागावर कॅमोफ्लाजचाच रंग अगदी बारीक ब्रशने, अक्षराच्या कडेपर्यंत भरत नेणे. हे काम संयमाचे आहे, पण प्रकाशाला फिल्मपर्यंत पोचूच दिले नाही तर झाकेचा प्रश्न उरत नाही, आणि शेवटी पुन्हा मॅटचा पातळ थर दिला की ब्रशच्या खुणाही मिसळून जातात. मूळ रंगाची बाटली मॉडेल पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावी ती यासाठी. त्याच क्रमांकाचा दुसरा रंगही थर आणि पातळपणा बदलला की वेगळा दिसतो.

डिकॅल काढून टाकण्याचा निर्णय घेतला, तर सौम्य चिकटपणाची मास्किंग टेप त्यावर दाबून झटकन ओढावी. ज्या डिकॅलवर मोठी झाक आहे ते पृष्ठभागाला मुळातच नीट चिकटलेले नसते, म्हणून ते बहुधा सहज निघते. टेपबरोबर रंग निघाला तर खालचा प्रायमर (रंगाआधी दिलेला पाया-थर) नीट धरलेला नव्हता असे समजावे.

डिकॅलऐवजी रंग

मोठी राष्ट्रचिन्हे, पट्टे आणि ठळक अक्षरे यांच्यासाठी मास्क (नको तो भाग झाकणारे चिकट साचे) कापून ती एअरब्रशने रंगवणे मला अधिक पटते, कारण फिल्म नसली की झाकही नसते आणि खऱ्या विमानांवरची ही चिन्हे बहुतांशी रंगवलेलीच होती. १९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी विमानांच्या ताऱ्याला दोन्ही बाजूंना पांढरे आयत जोडले गेले, आधी लाल आणि काही आठवड्यांतच निळ्या किनारीसह. हा बदल आघाडीवरच्या विमानांवर जुन्या चिन्हाच्या वरच रंगवला गेला, आणि जुन्या व नव्या निळ्या रंगातला फरक छायाचित्रांत दिसतो. अशा खुणा डिकॅलमध्ये क्वचितच असतात, मास्कने मात्र त्या सहज दाखवता येतात. रंगवताना संपूर्ण चिन्हाच्या क्षेत्रात आधी पांढरा द्यावा, मग मास्क बसवत एकेक गडद रंग वरून द्यावा; गडद रंगावर पांढरा झाकण्यासाठी लागणारा जाड थर त्यामुळे टळतो. मास्कच्या कडेखाली रंग शिरू नये म्हणून कडेवर आधी खालच्याच रंगाचा किंवा ग्लॉस वार्निशचा हलका फवारा मारावा, आणि शेवटचा रंग हाताला कोरडा लागताच, तो कडक होण्यापूर्वी, मास्क कडेपासून मागे वळवत काढावा.

सूचनांची बारीक अक्षरे, इंधनाच्या झाकणांवरचे आकडे आणि ‘येथे पाय ठेवू नये’ अशा प्रकारच्या खुणा मात्र डिकॅलनेच कराव्या लागतात. जेट विमानांवर त्या शेकडोंनी असतात आणि प्रत्येक इतकी लहान असते की तिच्याखाली हवा असली तरी टोचून काढणे शक्य नसते. त्यांच्यासाठी पृष्ठभागाची तयारी सर्वांत काटेकोर ठेवावी, एका बैठकीत एकाच पंखावरची डिकॅल लावावीत, ती पूर्ण वाळल्यावर दिव्याखाली तिरपी धरून पाहावीत आणि मगच दुसऱ्या पंखाकडे वळावे. पहिल्याच पंखावर झाक दिसली, तर उरलेल्या जागांवर ग्लॉसचा आणखी एक थर देण्यास तेव्हाही वेळ असतो.